रान व माळ यांच्या सीमेवरील बीजसाठा आणि पाऊस

सह्याद्रीचा माथा सोडून पूर्वेस उतरू लागले म्हणजे थोडक्याच अंतरात पावसाचे मान किती झपाट्याने कमी होत जाते, हे त्या बाजूच्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. महाबळेश्वरास वर्षाकाठी २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे १२ मैलांवरील पाचगणीस त्याचा साधारण तिसरा हिस्सा पडतो, आणि घाट उतरून आणखी ८ मैल खाली वाईस आले की तो ३० इंचांच्या आसपास येतो. या उतरणीवर कोठेतरी रान संपते आणि माळ सुरू होतो. ही सीमा शेताच्या बांधासारखी सरळ नसते. पाचगणीच्या पठारावर जांभ्या दगडावरील पातळ मातीत गवत आहे. तर त्याच पठाराच्या कडेच्या घळींत, जेथे माती खोल आणि ओल टिकाऊ, तेथे झाडी आहे. खाली वरकस जमिनींत तर एकाच सर्व्हे नंबरात वरच्या अंगास जांभूळ, हिरडा, अंजनी आणि खालच्या अंगास कुसळी व मारवेल असा प्रकार पुष्कळ ठिकाणी आढळतो.

अशा जमिनीत ज्यांची कुरणे आहेत त्यांच्यापैकी एका गृहस्थांनी आम्हांस एक प्रश्न विचारला, आणि तो त्यांचा एकट्यांचा नाही म्हणून त्याचा विचार येथे करीत आहो. त्यांचे कुरण वर्षानुवर्षे चांगली वैरण देत होते. मग लागोपाठ दोन वर्षे पाऊस ओढला. जनावरे मोकळी सोडावी लागली आणि गवताचे ठोंब मुळापर्यंत खाल्ले जाऊन वाळले. तिसऱ्या वर्षी त्यांनी कुरणास कडक बंदी केली. त्या वर्षी पाऊसही मनासारखा झाला. परंतु उगवला तो बहुतेक तरोटा. गवत तुरळक, आणि तेही रानाच्या कडेकडेने. “बंदी पाळली, पाऊस पडला, जमीन तीच, मग गवत गेले कोठे?” असे ते विचारतात. कोणी त्यांस जमीन नासली म्हणून सांगितले, कोणी दोन गाड्या शेणखत टाकण्याचा सल्ला दिला. आमच्या मते जमिनीत काही बिघडलेले नाही. जमिनीतील बियांची शिल्लक संपली आहे. आणि ती संपविण्यात जसा अवर्षणाचा हात आहे तसाच पावसाचाही आहे. हे विधान प्रथम ऐकणारास विपरीत वाटेल, म्हणून त्याची फोड करणे जरूर आहे.

पूर्वी गावोगाव धान्य साठविण्यास पेव असे. वरून पाहणारास ती साधी जमीन दिसे, आणि आत दोन-चार वर्षांची ज्वारी असे. मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांच्या थरात निसर्गाने असेच पेव केलेले असते. आपल्याला दिसते ती त्या वर्षीची उगवण. न उगवलेले बी दिसत नाही, आणि ते दिसणाऱ्या झाडांच्या मानाने किती तरी अधिक असू शकते. चार्ल्स डार्विनने एका लहानशा तळ्याच्या काठचा चिखल तीन ठिकाणांहून मोठा चमचाभर घेतला. वाळल्यावर त्याचे वजन अवघे पावणेसात औंस भरले. सहा महिने तो झाकून ठेवून त्यात उगवलेले प्रत्येक रोप त्याने उपटून मोजले, तेव्हा एकूण ५३७ रोपे झाली. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात त्याने ही हकीकत दिली आहे.

बी जमिनीत किती वर्षे जगते याविषयी अमेरिकेतील मिशिगन येथील प्रोफेसर बील यांचा प्रयोग फार बोलका आहे. त्यांनी १८७९ साली निरनिराळ्या तणांचे बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरले व त्या पुरून ठेवल्या. ठराविक वर्षांनी त्यांतील एक एक बाटली उकरून बी पेरून पाहावे असा संकेत होता, आणि त्यांच्या मागून आलेल्या लोकांनी तो आजवर पाळला आहे. २०२१ साली काढलेल्या बाटलीतील व्हर्बास्कम नावाच्या तणाचे बी १४२ वर्षांनीही रुजले. या प्रयोगाचा दाखला देताना एक गोष्ट मात्र बहुधा सांगावयाची राहते. बाटल्यांत पाणी साचू नये म्हणून त्या तोंड खाली करून पुरल्या होत्या. म्हणजे ज्या पावसामुळे जमिनीतील बी एक तर उगवते, नाही तर कुजते, तो पाऊस तेथे बव्हंशी बाहेरच ठेवलेला होता. आपल्या डोंगरउतारावरील बियांस असले छत्र नसते. त्यांच्यावर दरसाल चार महिने पाणी पडते, मग आठ महिने ऊन पडते. आणि या दोहोंतून जे वाचेल तेच शिल्लक राहते.

सर्व बी या पेवात सारखे टिकत नाही. इंग्लंडमधील थॉम्प्सन व ग्राइम या दोन शास्त्रज्ञांनी १९७९ साली या दृष्टीने साठ्याचे दोन वर्ग सांगितले: ज्याचे बी वर्षाच्या आतच उगवते किंवा मरते तो तात्पुरता साठा, आणि ज्याचे काही बी वर्ष उलटूनही जिवंत राहते तो टिकाऊ साठा. ही विभागणी आमच्या शेतकऱ्यांस नावाने नसली तरी अनुभवाने ठाऊक आहे. आंबा व जांभूळ यांची कोय किंवा बी काही आठवडे वाळले की मेले. म्हणून रोपे करणारा माणूस जांभळाचे बी फळ खाल्ल्याबरोबर लावतो. या झाडांचा जमिनीत साठा असा नसतोच. त्यांचे फळ पावसाच्या तोंडावर पिकते, बी ओल्या मातीवर पडते आणि लगेच रुजते. डोंगरातील कारवीचीही तीच तऱ्हा. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरून मरते, आणि पुढे पहिल्या पावसाबरोबर तिचे बी एकदमच उगवून येते. याच्या अगदी उलट तरोटा व बाभूळ. त्यांच्या बियांचे टरफल इतके कठीण की पाणी आत शिरत नाही, आणि पाणी शिरत नाही तोवर बी झोपलेले. सागाचे फळ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. त्याचे कवच जाड असून एका पावसात ते सर्व उगवत नाही. म्हणून रोपवाटिकेत ते आळीपाळीने भिजवून व वाळवून मगच पेरतात.

ज्वारीच्या मुळांवर वाढणारा टारफुला सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे बी धुळीसारखे बारीक, पण जमिनीत दहा-पंधरा वर्षेही तग धरणारे. त्यास आधी आठ-पंधरा दिवस ओल मिळावी लागते आणि मग यजमान पिकाच्या मुळांतून झिरपणारा रस जवळ यावा लागतो. ओल मिळाली, पण पीक जवळ आले नाही, तर काही काळाने ते बी पुन्हा निद्रिस्त होते. इतका धूर्त हिशेब ठेवणाऱ्या बियांशी साध्या गवताच्या बियांनी स्पर्धा करावयाची, हे ध्यानात घेतले म्हणजे आमच्या त्या गृहस्थांच्या कुरणाचे कोडे अर्धे उलगडते.

आता प्रत्यक्ष कुसळी गवताकडे वळू. हे गवत जनावराच्या तोंडास टोचते आणि मेंढ्यांच्या लोकरीत घुसते म्हणून त्यास शिव्या देणारे पुष्कळ आहेत. परंतु त्याच्या बियांची करामत बारकाईने पाहिलेले थोडे. वाचकांनी कार्तिकात पिकलेले एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावे. सुकलेले असताना ते दोरीसारखे पीळ घातलेले असते. ओल लागताच पीळ सुटू लागतो आणि कुसळ हातावर गरगर फिरते. वाळले की पुन्हा पीळ बसतो. बियांचे टोक सुईसारखे असून त्यावर मागे वळलेले राठ केस असतात, त्यामुळे आत गेलेले टोक मागे येत नाही. परतीच्या पावसाची एखादी सर, मग ऊन, पहाटेचे दव, मग पुन्हा ऊन. असे चार-आठ दिवस झाले की ते बी कोणी न पेरता मातीच्या फटीत जाऊन बसते. फाल्गुन-चैत्रात वणवा लागला तर वर पडलेले बी भाजते, पण अर्ध्या-एक इंच खालच्या मातीत गवताच्या आगीची धग फारशी पोहोचत नाही. खळ्याच्या मुंग्या वरचे बी वेचून नेतात. आत गेलेले त्यांच्या नजरेतून पुष्कळसे सुटते. म्हणजे हस्ताचा व स्वातीचा पाऊस गव्हा-हरभऱ्याइतकाच या गवताच्याही उपयोगी पडतो: तो त्याची पेरणी करतो. आश्विन-कार्तिक कोरडा गेला की बी पुष्कळ पडूनही पेवात थोडेच भरते.

पेरले गेलेले हे बी त्याच ओलीवर उगवून का येत नाही? कारण झडल्यानंतर सहा महिने ते वर्षभर त्यास एक प्रकारची झोप असते. दिवाळीच्या किंवा माघातल्या अवकाळी सरीने ते उठत नाही, आणि उठले असते तर पुढच्या उन्हात सर्वच मेले असते. उन्हाळ्याच्या तापाने ही झोप हळूहळू उतरते आणि मृगाच्या सुमारास बहुतेक बी जागे होऊन पाण्याची वाट पाहत असते. येथेच या गवताचे सामर्थ्य आहे आणि येथेच त्याचा धोका आहे. त्याच्या साठ्यातील बहुतेक बी एकाच हंगामात उगवून जाते. पुढील वर्षासाठी मागे राहते ते अगदी थोडे.

पावसाची एकूण बेरीज तेवढी पाहून ‘यंदा पाऊस बरा झाला’ असे म्हणण्याची आपल्यांत चाल आहे. बियांच्या दृष्टीने बेरजेपेक्षा सरींमधील अंतर महत्त्वाचे असते. चांगला एक-दीड इंचाचा वळीव झाला, पाच-सहा दिवस माती ओली राहिली, की वरच्या थरातील जागे झालेले बी मोड काढते. मोड बाहेर पडेपर्यंत बियांस माघार घेता येते. भिजलेले बी पुन्हा वाळले तरी बहुधा मरत नाही, आणि कित्येक बियांस तर असे भिजून वाळणे मानवते. शेतकरी बी भिजवून सावलीत सुकवून पेरतात त्यातील मर्म हेच. परंतु एकदा मूळ बाहेर आले की परतीचा रस्ता बंद झाला. मग जर पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडली तर ते कोंब जळून जातात, आणि पेवातून काढलेले हे धान्य पुन्हा पेवात जात नाही.

२०२५ साल याचे चांगले उदाहरण आहे. त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मे रोजी, म्हणजे रोहिणी लागते न लागते तोच, मुंबईस पोहोचला. आणि मग महिनाअखेरीस त्याची चाल थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत. ज्या माळावर मेअखेरची ओल आठवडाभर टिकली आणि पुढे दोन आठवडे आभाळ कोरडे राहिले, तेथील घाईने उगवलेल्या बियांची गत काय झाली असेल हे वेगळे सांगावयास नको. पिकाची दुबार पेरणी शेतकरी करतो. माळाची दुबार पेरणी करावयास बी शिल्लक असले तरच ती होते.

ज्या मुलुखात पाऊस नेहमीच लहरी, तेथील वनस्पती ही जोखीम ओळखून असतात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात वेन्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९४९ साली असे दाखविले की तेथील वर्षायू झाडांचे बी सुमारे एक इंचाहून कमी पावसाने उगवतच नाही. हलकी सर आली तर ते स्वस्थ पडून राहते. शिवाय पुरेशा पावसातही सगळे बी एकाच वेळी उगवत नाही, काही मागे राहते. तरोट्याची चाल याच जातीची आहे. उघड्या माळावर चैत्र-वैशाखात मातीचा पृष्ठभाग दुपारी ५० अंश सेंटिग्रेडच्याही वर तापतो व रात्री निवतो. या रोजच्या तापण्या-निवण्याने त्याच्या काही बियांच्या टरफलास बारीक चीर पडते, आणि तेवढेच बी त्या वर्षीच्या पावसात उगवते. बाकीच्यांची पाळी पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या साली. म्हणून दोन वर्षे पाऊस ओढल्यावरही त्याची शिल्लक कायम होती, आणि कुसळीची संपली होती. ठोंब खाल्ले गेल्यामुळे माती उघडी पडून अधिक तापली, आणि त्याचाही फायदा तरोट्यासच मिळाला.

मग रानाच्या कडेने थोडे गवत का आले, हे पाहण्यासारखे आहे. झाडांच्या सावलीत दुपारची काहिली कमी, पाचोळ्याखाली ओल चार दिवस अधिक टिकते. दोन सरींमधील जी उघडीप माळावर कोंब मारते, तीच कडेच्या दहा-पंधरा हातांच्या पट्ट्यात निभावून जाते. तथापि यावरून सावली ही बियांची माउली आहे असा समज कोणी करून घेऊ नये. त्याच पट्ट्यातून आणखी आत, दाट झाडीखाली गेले की उलटा प्रकार सुरू होतो. तेथे आषाढ-श्रावणात माती सतत ओली असते, हवा खेळत नाही, आणि बुरशी बियांस खाऊन टाकते. ज्या बारीक बियांस उगवण्यास उजेडाची जरुरी असते ती तेथे अडून बसतात. हिरव्या पानांतून गाळून आलेल्या उजेडातील तांबडा भाग पानांनी शोषलेला असतो, आणि जो अतिदूरचा तांबडा भाग खाली पोहोचतो तो कित्येक जातींच्या बियांस जागे करण्याऐवजी निजवितो. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे लेट्यूसच्या बियांवरील प्रयोगांनी १९५२ साली ही गोष्ट प्रस्थापित केली. एखादे झाड पडले आणि तेथे ऊन आले म्हणजे वर्षानुवर्षे न दिसलेले तण अचानक उठते, त्याचे कारण बहुतांशी हेच.

झाडांच्या बाजूने पाहिले तरी सीमेवर पावसाचाच न्याय चालतो. पाखरांनी जांभळे, बोरे, घाणेरीची फळे खाऊन माळावरच्या एकाकी झाडाखाली बी टाकले, तरी त्यातील जांभळाचे रोप गवताच्या मुळांशी पाण्यासाठी झगडून पहिली उघडीप काढील तेव्हा खरे. पाऊस सलग झाला तर त्याचे मूळ गवताच्या मुळांखाली उतरते आणि रोप टिकते; खंड पडला तर गवत जगते, रोप मरते. रानाची कड काही वर्षे माळात दोन पावले पुढे सरकते आणि काही वर्षे मागे येते, ती अशी. बोर, बाभूळ यांसारख्या कठीण बियांच्या झाडांस ही घाई नसते. बाभळीच्या शेंगा शेळ्यांनी खाल्ल्या की त्यांच्या लेंड्यांतून बी माळभर पसरते आणि सोयीच्या वर्षाची वाट पाहते. म्हणून माळाच्या आतल्या भागात आधी दिसते ती बाभूळ-बोर. जांभूळ दिसत नाही.

येथे थोडे विषयांतर करून सांगतो की, माळ म्हणजे उजाड झालेले रान आणि त्यावर झाडे लावणे हेच पुण्यकर्म, ही समजूत सरसकट धरणे बरोबर नाही. पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या मराठी ओव्या, कथा व पोथ्यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासून २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दाखविले आहे की येथील विरळ झाडीचे गवताळ माळ निदान ७५० वर्षांपासून तसेच आहेत. ज्या मातीच्या पेवात गवताचेच बी, तेथे खड्डे घेऊन झाडे लावण्यात पाणी व पैसा दोन्ही जातात, आणि खणताना गवताचे ठोंब जातात ते वेगळेच.

पावसाचे आणखी एक काम आहे. तो बी वाहून नेतो. उतारावरील माती उघडी असली की मृगाच्या पहिल्या झोडप्यात वरचा पातळ थर ओघळीने खाली जातो, आणि साठा असतो तो नेमका त्याच थरात. तालीच्या वरच्या अंगास, बांधाच्या कुशीत, जुन्या ठोंबांच्या मागे हे बी अडकते. म्हणून उजाड उतारावर प्रथम हिरव्या रेघा उमटतात त्या तालींच्या कडेने. काळ्या जमिनीत निराळाच प्रकार. उन्हाळ्यातील भेगांत वरचे बी पडते, पावसाने माती फुगून भेग मिटते, आणि बी वीतभर खाली गाडले जाते. बारीक बी अर्ध्या इंचापेक्षा फार खालून वर येऊ शकत नाही. ते एक तर तेथेच रुजून मरते, किंवा उजेड व ऊन-थंडीचा चढउतार न लागल्यामुळे निजून राहते आणि पुढे कधी नांगराच्या तासाबरोबर वर येते.

आता मूळ प्रश्न. त्या गृहस्थांचे कुरण उत्तम राखलेले होते, आणि घोटाळा त्यातच होता. चांगला कुरणवाला कुसळी पिकून टोचू लागण्यापूर्वी, पाला हिरवा असतानाच गवत कापतो. वैरणीसाठी हेच योग्य आहे. परंतु अशा कुरणात बी झडतच नाही. वर्षानुवर्षे ते जुन्या ठोंबांवर जगते आणि मालकास वाटते की गवत आपोआप येते आहे. प्रत्येक मृगात पेवातील उरलेसुरले दाणे उगवून खर्च होतात, आणि नवी भर पडत नाही. ठोंब जिवंत आहेत तोवर या रिकामेपणाचा पत्ता लागत नाही. अवर्षण आले, ठोंब मेले, आणि पेव उघडून पाहिले तर आत तरोटा.

यास उपाय कष्टाचा नाही, पण थोडा लोभ सोडावा लागतो. कुरणाचे चार पट्टे पाडून दरसाल एक पट्टा बी झडेपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षापर्यंत, कापू नये. पुढच्या साली दुसरा. त्या पट्ट्यातील वैरण राठ होते हे खरे; ती शाकारण्यास किंवा गोठ्यात अंथरण्यास उपयोगी पडते. पट्टे उतारास आडवे असावे आणि पहिल्यांदा राखावयाचा तो सर्वांत वरचा, कारण वाहून येणारे बी वरून खाली येते. जेथे ठोंब मेले आहेत तेथे नुसत्या बंदीवर विसंबू नये. शेजारच्या चांगल्या माळावरून मारवेल किंवा पवन्याचे पिकलेले बी झोडून आणून, ते घरात एक उन्हाळा ठेवून, मगच पाऊस नीट लागल्यावर आर्द्रात फोकावे. वळवावर फोकू नये. तरोटा फुलावर येताच, शेंग धरण्यापूर्वी, कापून टाकावा. त्या वर्षीची भर तरी थांबते. मागील साठा संपण्यास मात्र काही वर्षे लागतील, यास इलाज नाही.

आपल्या जमिनीत काय शिल्लक आहे हे प्रत्येकास घरी पाहता येते. वळीव पडण्यापूर्वी, वैशाखात, कुरणातून नागमोडी चालत वीस ठिकाणची वरची दोन इंच माती खुरप्याने घ्यावी. रानाच्या कडेची माती वेगळी व माळाची वेगळी ठेवावी. खडे व मुळ्या वेचून काढाव्या, कारण मुळ्यांचे तुकडे राहिले तर त्यांतून फुटलेली हरळी बियांतून आली असे वाटते. पसरट परळात किंवा भोके पाडलेल्या जुन्या पत्र्याच्या ताटात भाजलेली वाळू घालून त्यावर ही माती बोटाच्या पेराहून कमी जाडीने पसरावी, आणि झारीने ओल राखावी. उगवेल ते ओळखू येताच मोजून उपटावे. सहा आठवड्यांनी पाणी तोडून पंधरा दिवस माती वाळू द्यावी, हाताने चाळवावी व पुन्हा पाणी सुरू करावे. पहिल्या पाण्यावर आले ते घाईचे बी, दुसऱ्यावर आले ते सावध बी. कठीण टरफलाचे पुष्कळ बी तरीही मातीतच राहील. ते चाळणीत धुऊन निराळे काढता येते.

एक ताट नुसत्या भाजलेल्या वाळूचे शेजारी ठेवावे. पहिल्या वर्षी आम्ही हे केले नाही, आणि ताटांत रानमोडीची रोपे पाहून आपल्या माळाच्या मातीत तिचे बी भरले आहे असे समजून चिंतेत पडलो. पुढच्या वर्षी नुसत्या वाळूच्या ताटातही ती उगवली, तेव्हा कळले की तिचे पिसांचे बी वाऱ्याने अंगणात येत होते.

हीच माती पुन्हा भाद्रपदात त्याच ठिकाणांहून घेऊन तशीच पसरावी. वैशाखाच्या मातीत जे उगवले आणि भाद्रपदाच्या मातीत जे उगवले नाही, ते सर्व एका पावसाळ्याचे धनी. कुसळी व मारवेल वैशाखाच्या ताटातच मिळाली नाहीत, तर त्या वर्षी बंदीबरोबर बियांचीही तजवीज करावी लागेल. आणि बी झोडून आणण्याची वेळ आश्विन-कार्तिकाची असल्याने, ती तयारी आदल्या दिवाळीतच करून ठेवणे सोयीचे पडते.